राहिलेली पाचवी

माझा जन्म लेण्यात झाला. शाळेच्या दाखल्यावर आटपाडीकडच्या आमच्या गावाचं नाव आहे, पण ते मास्तरांनी आपल्या मनानं घातलं. खरं म्हणजे मी जन्मलो गावापासून आठ-दहा दिवसांच्या चालीवर, कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात, दगडात कोरलेल्या एका खोलीत. आमचा वाडा तेव्हा डोंगराच्या पायथ्याला उतरला होता. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. मेंढरं, माणसं, सामानाचं घोडं, कुत्री, कोंबड्या असं सगळं मिळून जे बिऱ्हाड पावसाळा संपला की पश्चिमेला चालू लागतं, त्याला आम्ही धनगर लोक वाडा म्हणतो. त्या वर्षी अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या, तशी बायकांनी कोकरं उचलली आणि त्या वर लेण्यांत गेल्या. आईचे दिवस भरले होते, तीही गेली. आणि मी झालो.

तिसऱ्या दिवशी वाडा तिथून हलला. आईच्या मते माझ्या आयुष्यात जे काही बिनसलं ते तिथून. मूल झालं की पाचव्या दिवशी आमच्यात पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा लावतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. माझी सटवाई पाचव्या दिवशी लेण्यात आली असणार, तिला तिथं कुणी दिसलं नसणार, आणि ती तशीच माघारी गेली असणार. म्हणून माझं कपाळ कोरं, आणि म्हणून मी कुठंच टिकत नाही, असं आई म्हणायची. लहानपणी मी कपाळ चोळून बघायचो.

टिकत नाही हे मात्र खरं आहे. मी खतं-औषधांच्या कंपन्यांचा विक्री प्रतिनिधी. आजवर अकरा कंपन्या झाल्या. राहायला सांगलीत, पण घरी मी कपडे बदलण्यापुरताच असतो. रहिमतपूर, कोरेगाव, मेढा, सगळीकडचे दुकानदार मला ओळखतात आणि माझ्यापुढं खुर्ची सरकवत नाहीत, कारण मी चहा उभ्यानंच पितो. बसलो तर डावा पाय हलायला लागतो आणि टेबलावरचं पाणी डुचमळतं. सिनेमाचं मध्यांतर झालं की मी पार्किंगमध्ये चकरा मारतो. बायकोनं माझ्याबरोबर सिनेमाला जाणंच सोडलं. अकरावी नोकरी मी या फेब्रुवारीत सोडली. कारण विचाराल तर साहेबांनी मला सांगली सोडून फिरू नका, इथलंच ऑफिस सांभाळा, असं सांगितलं. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते.

मी स्वतः सटवाईला दोष देत नव्हतो. मी दोष द्यायचो आबांना. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्याविषयी माझ्या मनात लहानपणापासून एकच गोष्ट खुपत होती, की या माणसानं तीन दिवसांच्या बाळंतिणीला मेंढरांमागं चालवलं. ते फार बोलत नसत. संध्याकाळी मेंढरं घेऊन माळावरून यायचे, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ते लांबून दिसले की आई हातातलं काम टाकून उठायची आणि पदर डोक्यावर ओढून घ्यायची. मला त्याचाही राग यायचा. एवढा मान कशाबद्दल, असं मनात यायचं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं बाळंतपण झालं. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो तर तिला कुशीवर वळायलाही दोघींचा आधार लागत होता. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. तसाच गाडी काढून गावी गेलो. आबा अंगणात लोकरीचं सूत वळत बसले होते. आई चुलीपाशी होती. मी पायताणही काढलं नाही. म्हणालो, "आबा, तीन दिवसांच्या बाळंतिणीला तुम्ही चालवत नेलंत. मेंढरांसाठी."

आबांनी हातातलं सूत थांबवलं. आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"व्हय," ते म्हणाले. "चालवली."

आई उठून कोकरांना पाणी दाखवायला गेली. मी जेवणासाठी न थांबता माघारी फिरलो. त्यानंतर आठ महिन्यांनी आबा गेले. फोन आला तेव्हा मी मेढ्यात होतो, पोचलो तेव्हा त्यांना उचललं होतं. तेराव्यानंतर धाकट्या भावानं काठी स्वतःला ठेवली आणि घोंगडं माझ्यापुढं केलं. मला नको, टोचतं, असं म्हणून मी ते परत दिलं. ते आईजवळ राहिलं.

नोकरी सोडल्याचं आईला बायकोनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, चपलासुद्धा नाहीत. या वेळी सरळ म्हणाली की तू रिकामा आहेस तर मला लेण्यात ने, तुझी पाचवी उरकून टाकू. मी पन्नाशीला आलो आहे, मला नातू आहे, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, मग आता किती उशीर करायचा.

मार्चमधल्या एका गुरुवारी आम्ही निघालो. आईच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत हळद-कुंकू, पणती, वात, सुपाऱ्या, वहीचा फाडलेला कोरा कागद आणि एक बॉलपेन. दुसरी खताची रिकामी पिशवी, तिच्यात आबांचं घोंगडं कोंबलेलं. ते कशाला घेतलंस म्हणून विचारलं तर बसायला लागेल म्हणाली. बाराव्या कंपनीचा फोन दुपारपर्यंत येणार होता आणि माझं अर्धं लक्ष मोबाइलकडं होतं.

आई सीटवर पाय वर घेऊन बसली होती. तिला गावांची नावं ठाऊक नाहीत, तिला मुक्काम ठाऊक आहेत. या वळणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, इथल्या मालकानं जोंधळं चांगलं घातलं, इथं लांडग्यानं कोकरू नेलं, असं ती सांगत होती. आता तिथं ऊस, मंगल कार्यालय आणि मोटारींची शोरूम आहे. तिला त्याचं काही नव्हतं. ती फक्त जमिनीचा उतार बघत होती.

पायऱ्या चढताना मी नेहमीप्रमाणं पुढं पळालो, वर जाऊन बघितलं, परत खाली आलो. आई न थांबता चढत होती. अडुसष्ट वर्षांची बाई, तिला धाप नाही. धाप मलाच लागली होती.

लेण्यांपाशी एक रखवालदार होता. पिशवीतून डोकावणारी पणती त्यानं आधीच हेरली. आत दिवा लावायचा नाही, हळद-कुंकू वाहायचं नाही, असं त्यानं मावशी म्हणत, पण ठामपणे सांगितलं. लोक स्तूपावर तेल ओततात, दगडात मुरतं, मग काही केल्या निघत नाही, असंही म्हणाला. आई म्हणाली, आमच्या वेळी आम्ही त्या मोठ्या पिंडीला भंडारा लावला होता, तेव्हा कुणी हटकलं नव्हतं. तो म्हणाला, मावशी, ती पिंड नाही, बुद्धाचा स्तूप आहे. आईनं मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नसावा. पिशवी मात्र तिनं मुकाट्यानं त्याच्याजवळ ठेवायला दिली. कागद, पेन, सुपारी आणि घोंगड्याची पिशवी तेवढी जवळ ठेवली. मला हायसं वाटलं. म्हटलं चला, आता पाया पडू आणि जाऊ.

पण कुठली खोली, हा प्रश्न होता. डोंगराच्या कुशीत लेणी एकामागून एक आहेत, आणि खोल्या सगळ्या सारख्या. तीन हात रुंदीची जागा, भिंतीला लागून दगडाचा ओटा, संपलं. मी म्हणालो कुठलीही चालेल, सटवाईला काय पत्ता दिला होता का. आईनं लक्ष दिलं नाही. ती पहिल्या खोलीत शिरली आणि दगडी ओट्यावर सरळ आडवी झाली. मान दाराकडं वळवली. उठली. ही नव्हं, म्हणाली. दुसरीत गेली, तिथंही आडवी झाली. निजल्यावर दारातून नदीचं वळण दिसायचं, एवढी एक खूण तिच्याजवळ होती. रखवालदार मागून येत होता. मला शरमेनं कुठं बघू आणि कुठं नको असं झालं. धनगराची म्हातारी पुरातन वास्तूत एकेका ओट्यावर निजून बघतेय आणि तिचा पँटशर्टमधला मुलगा बाहेर मोबाइल उंच धरून रेंज शोधतोय, असा सगळा देखावा होता.

स्तूपाच्या लेण्यात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, डोळे मिटलेले. आमच्या गडबडीनं त्यांनी डोळे उघडले. रखवालदारानं त्यांना जय भीम घातला, त्यावरून नेहमी येणारे असावेत. ते कोरेगावकडचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गाडी चालवली, आता महिन्यातून एकदा इथं येऊन दोन तास नुसता बसतो, असं त्यांनी मला सांगितलं. दोन तास, हे ऐकूनच माझा पाय हलायला लागला.

आई काय शोधतेय ते त्यांना रखवालदारानं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी आईला समजावलं की आवं, या खोल्या भिक्खूंच्या, हा ओटा म्हणजे त्यांचं अंथरूण. आई चक्रावली. म्हणजे हे बाप्यांसाठी केलंय व्हय, असं तिनं विचारलं. आजवर तिची समजूत होती की ही दगडाची बाज कुण्या शहाण्या माणसानं अडलेल्या बाळंतिणींसाठीच कोरली. मग ते गृहस्थ म्हणाले की भिक्खू काही बारा महिने इथं नसत. आठ महिने गावोगाव फिरायचे, भिक्षा मागायचे, पावसाचे तीन-चार महिने तेवढे एका जागी राहायचे. पावसात चाललं तर पायाखाली किडामुंगी मरते, म्हणून.

"म्हंजी आमच्यागतच की," आई म्हणाली. "आमीबी पावसाचंच घरला."

तेवढ्यानं तिचा परकेपणा गेला. पुढच्या खोलीत ती आडवी झाली ती उठलीच नाही. मी वाकून आत गेलो. तिनं हात वर करून भिंतीतलं एक भोक दाखवलं. त्यात दोर ओवला होता, तोच धरून जोर केला, म्हणाली. मग दाराकडं बोट केलं. उसाच्या हिरव्या पट्ट्यापलीकडं नदीचं वळण दिसत होतं.

आता काय करायचं, तर दिवा नाही, हळद नाही. रखवालदार दारात उभा. मागोमाग आलेल्या एसटीवाल्या काकांनीच त्याला विचारलं, बसायला तर मनाई नाही ना. तो म्हणाला, बसा की, बसायला कोण नको म्हणतंय. आईनं ओट्यापाशी खाली घोंगडं अंथरलं, ओट्यावर कागद ठेवला, त्यावर पेन, शेजारी सुपारी, आणि बाहेरून आणलेला एक गोटा वरवंटा म्हणून मांडला. मग मला घोंगड्यावर बसायला सांगितलं. दारातून आलेलं ऊन जमिनीवर पडलं होतं. ते सरकत सरकत समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत उठायचं नाही, एवढीच तिची अट. रखवालदार आणि काका गेले आणि ती माझ्याशेजारी दगडाला टेकून बसली.

मी बसलो. घोंगडं पँटीतूनही टोचत होतं. त्याला अजून मेंढरांचा, पावसाचा, तंबाखूचा वास होता. रेंज नव्हती. कंपनीवाले आत्ताच फोन करत असतील आणि बंद आहे असं ऐकून दुसऱ्याला लावत असतील, हे मला दिसत होतं. उन्हाची कड बघत होतो, ती हलेना. पाय हलायला लागला. मी दोन मिनिटं बाहेर जाऊन येतो म्हणून उठायला लागलो तर आईनं माझा घोटा धरला. लहान मुलाचा धरावा तसा नाही, अडलेल्या मेंढराचा धरतात तसा.

मी वैतागलो. जे बोलायचं नव्हतं ते बोललो. म्हणालो, आबांनी तेव्हा दोन दिवस कळ काढली असती तर आज तुला हे उपद्व्याप करावे लागले नसते.

आईनं घोटा सोडला. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. ती कागदाकडं बघत होती.

"तुझा बाप थांबला हुता," ती म्हणाली. "मीच न्हाई थांबले."

मला काही कळेना. मग ती तुकड्या-तुकड्यानं सांगत गेली. आबांनी सगळ्यांना बजावलं होतं की पाचवी पुजल्याशिवाय वाडा हलणार नाही. मेंढरं उपाशी राहिली तरी चालतील, म्हणाले होते. रोज पाणी आणि भाकरी घेऊन स्वतः वर येत होते. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. खालून मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. अठरा वर्षांची पोर, जन्मात कधी सलग तीन दिवस भिंतीच्या आत कोंडून राहिली नव्हती, तिला त्या दगडात घुसमटायला लागलं. तिनं मला पदरात बांधलं आणि रक्त वाहत असताना डोंगर उतरली. आबांना म्हणाली, वाडा हलवायचा तर हलवा, नाहीतर मी एकटी चालायला लागते.

"गावाकडं आल्यावर सासूनं इचारलं, ओल्या बाळंतिणीला कुणी चालीवलं म्हणून. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बोलायच्या आदीच ह्यो म्हणाला, मी चालवली. त्यानं एकदा म्हणलं. मग मीबी तेच धरून ऱ्हायले."

"मी विचारलं तेव्हा तू तिथंच होतीस, आई."

"हुते."

"त्यांनी तुझ्याकडं बघितलं."

"बघितलं की. मला वाटलं, आता म्हातारपणी तरी सांगंल. न्हाई सांगितलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवा मी बोलाय पायजे हुतं. कोकरास्नी पाणी दावाय गेले मी."

मला तिचा भयंकर राग आला. पन्नास वर्षं. माझ्या आयुष्यातला बापाशी बोलायचा सगळा वेळ तिच्या एका गप्प बसण्यात गेला होता, असं मला वाटलं आणि ते मी तिला म्हणालोसुद्धा. ती नाही म्हणाली नाही. मग मला कळलं की विचारायला मी कधी बसलोच नव्हतो. उभ्या उभ्या एक वाक्य फेकलं, उत्तर मिळालं, पायताण पायातच होतं, निघून आलो. पाच मिनिटं जरी त्यांच्याशेजारी टेकलो असतो तर काय झालं असतं, ते आता कुणाला विचारणार. आबा मेल्यावर मी रडलो नव्हतो. तिथं, त्या खोलीत, मला रडू आलं, आणि चांगलं मोठ्यानं आलं.

आई थोडा वेळ बसली. मग तीच चुळबुळ करायला लागली. पदर नीट केला, सुपारी उचलली, परत ठेवली, दाराबाहेर बघितलं. उन्हाची कड अजून भिंतीपासून हातभर लांब होती.

"चल, झालं," ती म्हणाली. "मला हितं कोंडल्यागत हुतंय."

मी तिला पुढं व्हायला सांगितलं. ती खरंच गेली. भराभर, मागं न बघता.

मी तिथंच बसून राहिलो. काही मोठी शांती वगैरे लाभली नाही. पाय हलत होता, माशी तोंडावर बसत होती, कंपनीचा फोन डोक्यातून जात नव्हता. तो नंतर मी केला, ती नोकरी मिळाली आणि अजून तरी टिकली आहे. पण ऊन भिंतीला टेकेपर्यंत मी उठलो नाही. आबा त्या वेळी खाली माळावर असेच बसले असतील, वाडा न हलवता, दोन दिवस अजून थांबायच्या तयारीनं. माझ्यासाठी थांबलेला तो पहिला माणूस.

रखवालदारानं हाक मारली, तेव्हा मी कागद घडी करून खिशात घातला. कोराच होता. पेन, सुपारी घेतली, गोटा बाहेर नेऊन ठेवला. घोंगडं पिशवीत मावेना. दोनदा कोंबून बघितलं आणि मग ते खांद्यावर टाकलं. मानेला टोचत होतं. एसटीवाले काका अजून स्तूपापुढं डोळे मिटून बसलेले होते, त्यांना न उठवता मी पायऱ्या उतरायला लागलो. या वेळी पळालो नाही, ओझ्यानं पळता येत नव्हतं.

आई रखवालदाराकडून घेतलेली पिशवी हातात धरून पायथ्याला एका झाडाखाली टेकली होती. मी शेवटच्या वळणावर आलो तेव्हा तिनं वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला. आणि मग, मी अजून बराच लांब होतो, तरी ती हातातलं टाकून उठून उभी राहिली आणि तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.